दोन डोळ्यांची टिपरी

आज्जींनी पदराची गाठ सोडून काउंटरवर ठेवलेला पट्टीचा तुकडा माझ्या अंगठ्याएवढा होता. त्यात एक गोळी शिल्लक. मागच्या चंदेरी कागदावर कात्रीच्या तावडीतून वाचलेली इंग्रजीतली चारच अक्षरं. आपल्या लिपीत लिहायचं तर 'प्रिल'.

"ह्यातल्या धा दे बाळ. रक्तदाबाच्या हायत."

"आज्जी, नाव अर्धंच ऱ्हायलंय की. चिठ्ठी आणलीया का?"

"चिठ्ठी कशाला? तू शिकलीयास न्हवं?"

शिकलेय खरी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमचं मेडिकल आहे आणि भिंतीवर माझं फार्मसीचं सर्टिफिकेट टांगलेलं आहे. पण ती पट्टी माझ्यासारख्याच कुणा शिकलेल्यानं कापलेली होती. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आपण कात्री चालवतो, आणि नावाच्या मधोमध चालवतो.

रक्तदाबाची गोळी हे आज्जींनी बरोबरच सांगितलं होतं. शेवटी 'प्रिल' असलं की गोळी त्याच घराण्यातली. पण रॅमिप्रिल त्यातली, एनालाप्रिल त्यातली आणि लिसिनोप्रिलही त्यातलीच. शेपटीवरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. आमच्या गावात निम्मी गल्ली पाटलांची आहे. पाकिटावर नुसतं 'पाटील' लिहून पोस्टमनला पिटाळलं तर तो ते कुणाच्या दारात टाकेल? मी आज्जींना गोळ्या दिल्या नाहीत. त्या रागावल्या. "पलीकडचा दिईल," म्हणून पायरी उतरल्या. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेले, पलीकडच्यानं देऊ नयेत असं मनात म्हणत.

औषधांच्या नावांना ही आडनावं आपोआप चिकटलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना १९५३पासून अशा नावांच्या याद्या प्रसिद्ध करते, आणि एका जातीच्या औषधांची शेपटी शक्यतो एकच ठेवायची असा त्यात दंडक आहे. कोलेस्टेरॉलवाल्यांची 'व्हास्टॅटिन', टेल्मिसार्टन-लोसार्टनची 'सार्टन', ॲटेनोलॉल-मेटोप्रोलॉलची 'ओलॉल'. आता हा 'ओलॉल' बघा. जीभ म्हणते मे-टो-प्रो-लॉल. चार ठोके, आणि शेवटचा ठोका 'लॉल'. पण आडनाव आहे 'ओलॉल'. म्हणजे ते 'प्रो'च्या पोटातूनच सुरू होतं. जीभ एका जागी तोडते, अर्थ दुसऱ्या जागी. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एक दुपार वाचली असती.

ती दुपार अकरावीतली. दहावीपर्यंत मी करवीर तालुक्यातल्या गावच्या शाळेत, मराठी माध्यमात. मग रोज केएमटीच्या बसनं शहरात. वर्गात सरांनी फळ्यावर डीडीटीचं पूर्ण नाव लिहिलं आणि वाचायला नेमकं मला उठवलं. डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. मी 'डायक्लोरो' म्हटलं. पुढं 'डायफि' म्हटलं. मग मागून कुणीतरी "ढकला रे, बंद पडली," म्हणालं, आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले, त्याचं जास्त लागलं.

गंमत म्हणजे आठवडाभर आधी त्याच वर्गात मी 'प्रकाशसंश्लेषण' म्हटलं होतं तेव्हा पुढच्या बाकावरची इंग्रजी माध्यमातली मुलगी "काय काय?" म्हणत वळून बघत होती. तिला तो शब्द दगडासारखा वाटला. मला कधी वाटला नव्हता, कारण सहावी-सातवीत बाईंनी तो फोडून दिला होता : प्रकाश, सम्, श्लेषण. उजेडानं एकत्र जोडणं. फोटोसिंथेसिस फोडला तर तेच निघतं. फोटो म्हणजे उजेड, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे मांडणं. दोन्ही शब्द सारखेच लांब, सारखेच जोडकामाचे. एक आम्हाला फोडून मिळाला होता, दुसरा अख्खा घशात कोंबला जात होता. आंतर्द्रव्यजालिका बिनचूक म्हणणाऱ्या पोरीला एंडोप्लाझमिक रेटिक्युलम जड जाईल असं जिभेत काहीच नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत शेतात गेले तेव्हा आबा लागणीचं बेणं तोडत होते. ऊस ज्यांनी फक्त रसाच्या गाड्यावर पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. उसाचं बी पेरत नाहीत. चांगला ऊस निवडायचा, कोयत्यानं त्याचे तुकडे करायचे आणि ते सरीत दाबायचे. त्या तुकड्याला टिपरी म्हणतात. प्रत्येक पेराला एक डोळा असतो, कोंब तिथून फुटतो. दोन डोळ्यांची टिपरी म्हणजे दोन पेरं असलेला तुकडा. कोयता चालवायचा तो दोन पेरांच्या मधल्या कांड्यावर.

मी एक तोडली ती नेमकी डोळ्यावर. आबांनी ती उचलून बाजूला टाकली.

"खायाचा आसंल तर कुटंबी तोड. दातानं तोड, गुडघ्यावर मोड. पर लावायचा आसंल तर डोळा ऱ्हाया पायजे."

शेजारीच तणनाशकाचा डबा होता. आबा आणि अख्खं गाव त्याला टूफोरडी म्हणतं, जसं उसाच्या जातीला दोनशे पासष्ट म्हणतं. त्यावर बारीक अक्षरांत पूर्ण नाव होतं : टू-फोर डायक्लोरोफिनॉक्सीअसेटिक ॲसिड. वर्गातल्या शब्दाचं चुलत भावंडच. मी बांधावर बसले आणि खायला तोडावा तसा तो आधी जिभेनं तोडला. डाय-क्लो-रो-फि-नॉक-सी-अ-से-टिक. नऊ तुकडे. तोंडात बसले. दोनदा, तीनदा म्हटल्यावर गाडी कुठंच बंद पडेना. मग डोळे शोधायला लागले, आणि तुकडे बदलले. डाय, क्लोरो, फिन, ऑक्सी, असेटिक. नऊचे पाच झाले. 'नॉक' हा तुकडा तर गायबच झाला. त्यातला 'न' फिनच्या घरचा होता आणि 'ऑक' ऑक्सीच्या.

पाचांचा अर्थ मात्र मला त्या दिवशी सगळा लागला नाही. तो पुढं कॉलेजात, तुकड्यातुकड्यानं लागत गेला. डाय म्हणजे दोन. क्लोरो म्हणजे क्लोरीन, आणि टू-फोर म्हणजे ते दोन क्लोरीन कार्बनच्या गोल कड्यावर कुठल्या घरात बसलेत त्याचा पत्ता. असेटिकमागं व्हिनेगरचा लॅटिन शब्द आहे. फिनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ग्रीकमध्ये त्याचा संबंध चमकण्याशी, उजळण्याशी आहे. दिवे पेटवायला कोळशाचा गॅस वापरायचे त्या काळात त्या गॅसमध्ये बेन्झीन सापडायचं, म्हणून ऑगस्ट लॉराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याला 'फीन' म्हणावं असं सुचवलं. बेन्झीनला ते नाव चिकटलं नाही, पण फिनॉल, फिनाइल, फिनॉक्सी अशा त्याच्या पोराबाळांना चिकटलं. म्हणजे आबांच्या पाठीवरच्या पंपात विझलेल्या गॅसबत्तीचा एक कण होता म्हणायचा.

पण शब्द फोडला म्हणजे वस्तू कळली असं नाही, आणि इथं मी जरा सावध असते. टूफोरडी काय करतं हे त्या नावात कुठंच नाही. ते झाडाच्या स्वतःच्या वाढ-संप्रेरकाची, ऑक्सिनची, नक्कल करतं. रुंद पानांचं तण वेडंवाकडं वाढत, पिळवटत मरतं. ऊस गवताच्या कुळातला, तो तगतो. वारं असताना मारू नये, शेजाऱ्याच्या टोमॅटोवर उडालं तर भांडण ठरलेलं, हे आबांना नावाची फोड न करता माहीत होतं. आणि कधीकधी फोड चक्क फसवते. 'क्लोरो' म्हणजे क्लोरीन हे एकदा डोक्यात बसल्यावर मी कितीतरी दिवस समजत होते की क्लोरोफिलमध्येही क्लोरीन असतं. नसतं. त्यात मॅग्नेशियम असतं. 'क्लोरो'चा मूळ अर्थ पिवळसर हिरवा. हम्फ्री डेव्हीनं १८१०मध्ये वायूच्या रंगावरून क्लोरीनला नाव दिलं, आणि पानातल्या द्रव्यालाही हिरवेपणावरूनच ते नाव मिळालं. आपला 'हरितद्रव्य' शब्द इथं सरळ माणसासारखा आहे, कुणाला चकवत नाही.

जिभेची फोड आणि अर्थाची फोड वेगळी, हे खरं तर मराठीच्या तासाला आम्ही घोटलेलं होतं. फक्त त्याचा विज्ञानाशी संबंध आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. यमाताराजभानसलगा. लघु-गुरू लावा, तीन-तीन अक्षरांचे गण पाडा. 'पंचगंगा' शब्द घ्या. पं गुरू, च लघु, गं गुरू : झाला र गण. उरला 'गा' एकटा. पंचगं-गा! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या चिखलीच्या प्रयागाला एकत्र येतात त्या शब्दाची वृत्तानं अशी गंगेतच फाळणी केली, आणि बाईंनी वर बरोबरची खूण केली. कुणी हरकत घेतली नाही. कारण ती तालाची फोड होती, अर्थाची नव्हे, हे सगळ्यांना आपसूक कळत होतं.

इंग्रजी शब्दाचे ठोके मोजताना आपली लिपी मात्र थोडा घोळ घालते. 'कमळ' कागदावर तीन अक्षरं, बोलताना ठोके दोनच : क-मळ. हनुवटीखाली तळहात धरून म्हणून बघा, जबडा दोनदाच खाली येतो. मी भाच्याला हेच शिकवलं. तो अकरावीत आहे, इंग्रजी माध्यमातून आलेला, तरी अडायचं तिथं अडतोच.

त्याच्याशी बोलताना एकदा हेलिकॉप्टर निघालं. २०१९च्या महापुरात तो लहान होता. शिरोळकडं मामाच्या गावी पाणी भरलं तेव्हा घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं त्याला अजून आठवतात. मी विचारलं, शब्द फोड. त्यानं फोडला तसा कुणीही फोडेल : हेलि आणि कॉप्टर. पण १८६१च्या सुमारास एका फ्रेंच माणसानं हा शब्द घडवला तो हेलिको आणि प्टर असा. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं, प्टर म्हणजे पंख. तोच 'प्टर' टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या प्राण्याच्या नावाच्या सुरुवातीला आहे. तिथं इंग्रजी माणूस 'प' गिळतो, कारण त्याच्या जिभेला शब्दाच्या तोंडाशी 'प्ट' झेपत नाही. हेलिकॉप्टरमध्ये मात्र तो 'प' मागच्या ठोक्याच्या आधाराला गेला, 'कॉप' झाला, आणि जगला. न्यूमोनिया, सायकॉलॉजी यांच्या पुढचे 'प' असेच मेलेले. ग्रीक लोक ते म्हणायचे. आपल्याला स्वप्न म्हणता येतं, अप्सरा म्हणता येते, त्यामुळं मला त्या 'प'ची उगाच कीव येते.

आणि गंमत अशी की 'हेलि' या चुकीच्या तुकड्यातूनच पुढं हेलिपॅड निघालं, हेलिपोर्ट निघालं. ऐन डोळ्यावर कोयता पडला आणि तरी कोंब आला. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यो ऊस न्हवं, हराळी आसंल."

उच्चाराची लाज हा वेगळाच विषय. आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात "मी येतो", "मी गेलतो" म्हणतो. पुण्यात एका ट्रेनिंगला गेले तेव्हा खोलीतल्या मुलींनी त्यावर दोन दिवस करमणूक करून घेतली. तिसऱ्या दिवशी मी 'येते' म्हणायला लागले, आणि कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर परत 'येतो'. त्यामुळं कुणी अडखळलं की मला हसू येत नाही. एकदाच आलं.

आमच्याकडं एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, यायचा, हैदराबादकडचा, गोड पोरगा. त्याच्या तोंडून औषधांची नावं अशी सुटायची की वाटावं रेल्वेतली अनाउन्समेंट चाललीय. पण त्याचा पुढचा मुक्काम विचारला की तो "हटकानांगल" म्हणायचा. मी हसले, मग स्वतःचीच अकरावी आठवली आणि त्याला खुर्ची दिली. म्हटलं, मागून म्हण. ले. णंगले. कणंगले. हातकणंगले. चौथ्या खेपेला त्याचं हातकणंगले इतकं खणखणीत आलं की दुकानातल्या गिऱ्हाइकानं टाळी दिली. गडहिंग्लजला मात्र त्यानं हात जोडले.

मागून चढत येण्याची ही युक्ती इंग्रजी शिकवणारे शिक्षकही वापरतात. पुढून सुरुवात केली की पहिले दोन ठोके जोरात आणि शेवटी दम संपलेला, अनोळखी मुलूख पुढं पसरलेला. मागून आलं की प्रत्येक वेळी आपण ओळखीच्या वाटेवर उतरतो.

त्या पोरानं मला बदल्यात एक गोष्ट दिली. मी ॲम्लोडिपिनची सगळी अक्षरं एकसारखी ठोकत होते, पोहे कांडल्यासारखी. तो म्हणाला, मॅडम, 'लो'वर जोर द्या, बाकीचं आपोआप पळतं. खरंच पळालं. आपण मराठीत अक्षरांना साधारण समान वागणूक देतो. इंग्रजी एका ठोक्याला पाटावर बसवते आणि बाकीच्यांना ओसरीवर. वर तो पाट हलत राहतो. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्यावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. शेवटी 'लॉजी' किंवा 'इक' असेल तर जोर बहुधा शेपटीच्या अलीकडच्या ठोक्यावर पडतो. हे समजायला मला पदवी घेऊनही एक एमआर लागला.

दुकानात हळू म्हणण्याला आणखी एक कारण आहे. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन. पहिलं खाजेवर देतात, दुसरं रक्तदाब उतरवतं. घाईत म्हटलं तर दोन्हीची सुरुवात तीच, शेवट तोच. फरक सगळा पोटात. इंग्रजीत यावर उपाय म्हणून मधली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापतात. २०१६मध्ये डॉक्टरांसाठीही नियम आला की औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. आपल्या देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही. म्हणून मी आमच्या खणांवरच्या मराठी चिठ्ठ्यांवर 'ड्रॉक्सि'खाली आणि 'ड्रॅल'खाली लाल रेघ ओढलीय. काउंटरवरच्या पोरालाही सांगून ठेवलंय, ही नावं एका दमात म्हणायची नाहीत. तो म्हणतो, गिऱ्हाईक समजंल मला वाचता येत न्हाई. समजू दे.

भाचा परवा आला तो छाती काढूनच. "आत्ती, ऐक." आणि एका श्वासात : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत पंचेचाळीस अक्षरं, एकोणीस ठोके. मी शाबासकी दिली, कारण कष्ट होते. मग त्याला सांगितलं की हा शब्द कुठल्या डॉक्टरला गरज पडली म्हणून जन्मलेला नाही. १९३५मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष, एव्हरेट स्मिथ, यानं तो केवळ सगळ्यात लांब व्हावा म्हणून रचला. शब्दकोशांत गेला खरा, पण रोगाचं वापरातलं नाव सिलिकोसिस. चार ठोके. मला तो पंचेचाळीस अक्षरी शब्द आवडत नाही, खोटी दाढी लावल्यासारखा वाटतो.

"बरं, कोनि म्हणजे काय?" मी विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं. कोनिस म्हणजे धूळ. उद्यमनगरात, शिरोलीत फाउंड्रीचे साचे ज्या वाळूचे होतात त्या वाळूची धूळ, वर्षानुवर्षं छातीत गेलेली. अशी छाती घेऊन माणसं आमच्या काउंटरवर उभी राहतात आणि एवढा श्वास एका शब्दावर खर्च करणं त्यांना परवडणारं नसतं. भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "तरी मागनं म्हणून दाखवू?" आणि सिस, ओसिस, निओसिस करत सुटला. सोळावं वरीस आहे, असू दे.

आज्जी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या. पलीकडच्यानंही दिल्या नव्हत्या, हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं. या खेपेला चिठ्ठी होती, आणि पिशवीच्या तळाशी सापडलेला पट्टीचा दुसरा तुकडाही होता. मी दोन्ही तुकडे काउंटरवर शेजारी ठेवले. कात्रीची धार धारेला लागली आणि नाव पुरं झालं.

"रॅमि. प्रिल," मी म्हटलं. "म्हणा बघू."

"राम," आज्जी थांबल्या. "पिरील."

"रामपिरील. बरोबर."

"मग कालच सांगायचं न्हाईस व्हय रामाची गोळी हाय म्हणून? सोपं हाय की." त्यांनी पैसे मोजले, गोळ्या पदरात बांधल्या, आणि मी नाव मधे न तोडता पुढची पट्टी कशी कापावी ते बघत राहिले.